थर्माकोलचं इन्क्युबेटर, गावरान अंडी आणि कोल्हापूरचा पावसाळा

९ जून

डबा मिळाला. मासे ज्यातनं येतात तसला जाड भिंतीचा थर्माकोलचा, झाकणासकट, १५० रुपये. वास इतका की आईनं दारातच अडवला, मग साबणानं घासून दोन दिवस गच्चीत वाळवला. पातळ थर्माकोलचा पण मिळतो, टीव्हीच्या खोक्यातला वगैरे, पण तो घेऊ नका, बल्ब सारखा चालू राहतो आणि लाईट गेली की लगेच गार.

कळ्याला आत्याकडं कोंबड्या आहेत, अंडी भरपूर, पण खुडूक (अंडी उबवायला बसणारी) कोंबडी आपल्या सोयीनं बसत नाही आणि बसलीच तर मुंगूस टपलेलं असतंय. म्हणून कोंबडीशिवाय, बल्बच्या उबेवर अंडी उबवायचा हा उद्योग.

बाकी सामान: थर्मोस्टॅट मॉड्यूल (तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारा बोर्ड, डब्ल्यू १२०९ नावानं मिळतो) १९०, १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर १६०, कॉम्प्युटरचा जुना पंखा ९०, दोन होल्डर ५०, ४० वॅटचे दोन पिवळे बल्ब ४०, वायर आणि पिन ८०, जाळी ४०, आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर २६०. बेरीज १०६० रुपये. पिवळा बल्ब शोधण्यातच निम्मा दिवस गेला, सगळ्या दुकानात एलईडी, आणि एलईडीनं उजेड पडतो, ऊब येत नाही.

११ जून

वायरिंग झालं. दोन्ही बल्ब पॅरलल जोडलेत, म्हणजे एक गेला तरी दुसरा डबा धरून ठेवतो. बल्बवर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा भोकं पाडून उपडा घातलाय, नाहीतर बल्बजवळची अंडी नुसत्या किरणांनीच तापतात आणि हवा मात्र बरोबर दाखवते.

चालू केलं तर डबा गार असताना बल्ब बंद, आणि सेन्सर मुठीत धरला की बल्ब चालू. अर्धा तास वायरी उलट्यापालट्या केल्या. वायरिंगमध्ये काहीच बिघाड नव्हता, हे मॉड्यूल येतानाच थंड करायच्या सेटिंगवर येतं. पी शून्य या सेटिंगमध्ये जाऊन सी (थंड) चं एच (गरम) करायचं. पी एक मध्ये बल्ब चालू आणि बंद होण्यातला फरक २ डिग्री दिलेला असतो तो पण खाली आणा, मी आधी ०.१ केला तर रिले (बल्ब चालू-बंद करणारा बोर्डावरचा स्विच) सारखी टकटक करायला लागली, अशानं लवकर मरते, म्हणून ०.३ वर ठेवला.

आणि एक, २३० व्होल्टच्या तारा त्या उघड्या बोर्डावर येतात, तो बोर्ड प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून बाहेरच्या बाजूला लावा. आत वाफ असती.

१३ जून

रिकामा डबा चालवून बघतोय. ही पायरी कुणी गाळू नका. थर्मोस्टॅट म्हणतो ३७.५, मीटरवरचं तापमान म्हणतंय ३८.६, आता कुणाचं ऐकायचं? घरातला ताप मोजायचा पाऱ्याचा थर्मामीटर काढला. मगभर कोमट पाणी ३८ च्या आसपास करून त्यात थर्मामीटर आणि सेन्सर एकत्र धरले, हलवत राहिलो. सेन्सर ०.८ कमी दाखवत होता. म्हणजे मी ३७.५ समजून ३८.३ देत होतो. पंख्याच्या डब्याला ३७.५ ते ३७.७ पाहिजे, बिनपंख्याच्या डब्यात अंड्याच्या वरच्या अंगाला ३८.५ च्या आसपास चालतं. पी चार या सेटिंगमध्ये ०.८ दुरुस्ती टाकली.

कोपऱ्यात परत फरक. पंख्यासमोर ३७.९ आणि लांबच्या कोपऱ्यात ३६.८. पंखा सरळ अंड्यांवर मारत होतो, तो फिरवून झाकणाकडं तोंड केलं, हवा वर आपटून सगळीकडं पसरली, फरक ०.३ वर आला. खाली चार, वर दोन भोकं पाडलीत, पेन्सिल जाईल एवढी.

आर्द्रतेचा मीटर तपासला नाही. नवीन आहे म्हणून सोडला.

१६ जून

आत्याची अंडी साठायला आठवडा गेला असता, मला दम निघेना, वडगावच्या बाजारातनं २४ अंडी आणली, १५ रुपयाला एक, ३६० गेले. गाडीवरनं आणल्यावर लगेच डब्यात घालायची नाहीत, रात्रभर निमुळतं टोक खाली करून ट्रेमध्ये ठेवली, म्हणजे आतली हवेची पोकळी जागेवर बसते. धुवायची पण नाहीत, वरचा नैसर्गिक थर जातो आणि घाण आत ओढली जाते. मातकट होती ती चार कोरड्या कापडानं पुसली.

एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल, पेन्सिलनं. दिवसातनं तीनदा फिरवायची, सकाळी मी, दुपारी आई, रात्री परत मी. विषम वेळा यासाठी की रात्रीचा लांबचा पल्ला रोज एकाच अंगावर जात नाही.

पाण्याची वाटी आत ठेवली. सगळीकडं लिहिलेलं असतं पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के. मीटर ५५ दाखवतोय. झकास.

बाहेर पाऊस लागलाय.

२३ जून

सातवा दिवस, रात्री उजेडावर बघितली. मोबाईलचा टॉर्च आणि वर पुठ्ठ्याची नळी. पांढऱ्या अंड्यात लगेच दिसतं, लालसर कवचाच्यात डोळे फोडून बघावं लागतं. जिवंत असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा ठिपका. ७ अंडी साफ कोरी, दोनमध्ये नुसतं रक्ताचं कडं, म्हणजे सुरू होऊन मेलेली. राहिली १५.

कोरी सात म्हणजे बाजाराचा प्रसाद. तिथं अंडं किती दिवसाचं, कळपात कोंबडा होता का नव्हता, कोण सांगणार. सात दिवसांच्या आतलं असेल तर ठीक, पुढं रोज उबण्याचं प्रमाण घसरत जातं.

२८ जून

रात्री वारा-पाऊस, अडीचला लाईट गेली ती साडेसहाला आली. मी झोपेत, आईला पंख्याचा आवाज बंद झालेला कळला. गोधडी टाकली, कडेनं गरम पाण्याच्या दोन बाटल्या लावल्या, तरी सकाळी आत ३१ होतं. मला वाटलं संपलं सगळं. आई म्हणाली, "कोंबडी चरायला उठती तवा अंडी गारच पडत्यात की." तेही खरंय, थोडं गार पडणं अंडं सोसतं, जास्त तापणं सोसत नाही. नंतर उजेडावर बघितलं, हालचाल होती.

पण गोधडीनं सगळी भोकं बुजवली होती आणि ती सकाळी काढायची राहिली, दुपारी लक्षात आलं. डब्याची आत बघायची काच घामेजलेली. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला पाहिजे होता.

२९ जून

मामांचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे पंखा बाराचा, बोर्ड बाराचा, मग बल्ब तेवढा दोनशे तीसचा कशाला ठेवलाईस? गाडीच्या मागच्या ब्रेकलाईटचा बल्ब लाव."

लई भारी आयडिया. १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, मामांकडची बाईकची जुनी ७ अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी. २१ वॅट म्हणजे पावणेदोन अ‍ॅम्पिअर, हिशोबानं चार तास, जुनी असल्यामुळं अडीच-तीन धरा, वर गोधडी असेल तर बल्ब अधूनमधूनच लागतो मग जास्त पुरते. लाईट गेली की वायरीची पिन बदलायची, आपोआप होत नाही, कुणीतरी जागं पाहिजे. गाडीच्या बल्बचा होल्डर आणि क्लिपा ६० रुपये, बॅटरी मामांची.

४ जुलै

अठरावा दिवस. फिरवणं बंद. १३ जिवंत. आता आर्द्रता ६५ ते ७० पाहिजे म्हणून दुसरी वाटी ठेवली, मीटर ७० वर. झाकण आता उघडायचं नाही. उजेडावर बघताना हवेची पोकळी लहान वाटली, चित्रात दाखवतात त्याच्या निम्मीच, पण गावरान अंडं लहानच असतं म्हटलं आणि पुढं गेलो.

८ जुलै

१३ पैकी ५.

पहिल्या पिल्लानं ६ ला रात्री आतनं कवचाला टवका मारला, ७ ला सकाळी बाहेर. संध्याकाळपर्यंत पाच आली, ओली, चिकट, फुगलेल्या पोटाची. मग काहीच नाही. तीन अंड्यांना टवका होता, आत चिवचिव होती, तिथंच अडकली. एकाला मी चिमट्यानं कवच काढून मदत करायला गेलो, शीर तुटली, रक्त आलं, गेलं. बाकी दोन रात्रीतनं गेली. उरलेली पाच तर टवका पण न मारता.

आज आठही फोडून बघितली. घाण काम आहे पण केल्याशिवाय कळत नाही. सगळी पिल्लं पूर्ण वाढलेली, पिसं आलेली, बलक जवळजवळ आत ओढलेला, आणि कवचात पाणी. पिल्लू शेवटी चोचीनं आतला पापुद्रा फोडून त्या हवेच्या पोकळीत पहिला श्वास घेतं. पोकळी लहान राहिली, भोवती पाणी राहिलं, की तिथंच गुदमरतं. सरळ सांगायचं तर बुडाली.

तापमान चुकलं असतं तर लवकर किंवा उशिरा आली असती, ती तर बरोबर २१ व्या दिवशी आली. पाणी जास्त झालं.

१० जुलै

मीटर तपासला. बाटलीच्या टोपणात मीठ, त्यात थेंब थेंब पाणी, मीठ ओलं झालं पाहिजे, विरघळायला नको. टोपण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवले. आत बरोबर ७५ टक्के आर्द्रता तयार होते, मिठाचा तो गुणच आहे. मीटर सकाळी ६६ वर. म्हणजे ९ नं कमी. मी ५५ समजत होतो तेव्हा ६४ होतं, आणि शेवटी ७० नव्हे, ७९.

पण नुसत्या मीटरवर ढकलून चालणार नाही, वाटी ठेवायचीच गरज नव्हती. आईनं पहिल्या दिवशीच विचारलेलं, "कोंबडी काय पाण्याची वाटी घिऊन बसती व्हय?" तेव्हा मी हसलो होतो.

मग बाहेर ९० टक्के म्हणजे आत पण ९० का? तसं नाही. हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, पाणी तेवढंच राहतं पण टक्का पडतो. आपल्याकडं पावसाळ्यात साधारण २४ डिग्री आणि ९० टक्के धरा. तीच हवा डब्यात ३७.५ ला गेली की साधारण ४१-४२ टक्के होते. अंड्यातनं निघणारी वाफ धरून ४५ च्या आसपास. वाटीशिवाय. एप्रिलमध्ये दुपारी ३६ डिग्री आणि २५ टक्के असेल तर तीच गोष्ट आत २३ टक्क्यांवर येईल, तिथं वाटी लागणारच. आत्या उन्हाळ्यात टोपलीखालची वाळू ओलवते आणि पावसाळ्यात ओलवत नाही, तिनं ना मीटर बघितलाय ना चार्ट.

आता मीटरवर विसंबणार नाही, अंडी वजन करणार. १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण ११ ते १३ टक्के कमी झालं पाहिजे, ते सगळं पाणीच असतं. सोनारी काट्यासारखा छोटा डिजिटल काटा, ०.१ ग्रॅमचा, ३५० रुपयांना घेतला. १ ग्रॅमचा किचनचा काटा एकेका अंड्याला पुरत नाही.

१४ जुलै

दुसरी खेप. आत्यानं २२ अंडी जमवून ठेवली, सगळी आठवड्याच्या आतली, कोंबडा कळपातच. डबा आधी सॅव्हलॉनच्या पाण्यानं पुसला, पहिल्या खेपेची घाण जाळीत अडकलेली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं नंबर आणि वजन. एकूण ९८६ ग्रॅम. वाटी नाही, वरची दोन्ही भोकं उघडी. मीटर ३६, म्हणजे खरं ४५.

कोरड्या डब्याची भीती वाटतीच. बायको रोज विचारते, पाणी घालायचं राहिलंय का.

२१ जुलै

वजन ९४५. ४१ ग्रॅम गेले, ४.२ टक्के. हिशोबानं सात दिवसांत ४.७ जायला पाहिजे, थोडं मागं आहे, म्हणून वर अजून एक भोक पाडलं. कोरी ३ निघाली. १९ चालू.

२६ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, सगळ्यांच्या तोंडी आता ४३ फूट, म्हणजे धोका पातळी. गगनबावडा रस्त्यावर पाणी आलंय, आत्याकडं जाणं बंद. आमच्या गल्लीला भीती नाही पण लाईट जाते-येते चाललंय.

काल सलग गेली. बाईकची बॅटरी तीन तासांत बसली, मग मामांनी त्यांच्या बोलेरोची काढून दिली, पावसातनं रिक्षात घालून आणली. मोठ्या बॅटरीवर रात्रभर आरामात चाललं. तापमान ३६.४ च्या खाली गेलं नाही. ज्यांच्याकडं इन्व्हर्टर आहे त्यांनी सरळ त्याच्यावर लावा, एवढ्याशा वॅटला काही होत नाही.

एवढ्या पावसात पण आतली आर्द्रता दुरुस्त करून ४४-४७ च्याच मधे. बाहेर पूर आला तरी डब्याच्या आत कोरडं, हे मला डोळ्यांनी बघेपर्यंत पटत नव्हतं.

१ ऑगस्ट

अठरावा दिवस. १७ जिवंत. या १७ चीच सुरुवातीची आणि आजची वजनं लावली तर घट ११.६ टक्के. हवेची पोकळी आता अंड्याच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याला आलीय, तिरकी उतरलेली, आत चोचीची सावली हलताना दिसते.

फिरवणं बंद. जाळीवर गोणपाटाचा तुकडा अंथरला. आता मात्र पाणी पाहिजे, नाहीतर टवका मारल्यावर आतला पापुद्रा वाळून पिल्लाला आवळतो. ओला स्पंज एका बाजूला, बाहेरनं नळी घालून सिरिंजनं त्याच्यावर पाणी सोडता येतं, झाकण उघडायला लागत नाही. मीटर ५९, खरं ६८.

५ ऑगस्ट

१७ पैकी १४. ३ तारखेला रात्री पहिला टवका, आज सकाळी शेवटचं. टवका मारल्यापासनं बाहेर यायला कुणाला आठ तास, कुणाला अठरा. मधे तासन्‌तास काहीच करत नाहीत, त्या वेळेला हात शिवशिवतो, पण ती बलक आणि रक्त ओढून घेत असतात. झाकण उघडलं नाही. मुलगी काचेला नाक लावून बसलेली, तिला पण उघडू दिलं नाही.

उरलेली तीन फोडली. दोन फार आधी मेलेली, एक उलटं बसलेलं, डोकं निमुळत्या टोकाकडं. पाणी एकातही नाही.

वाळून फुललेली पिल्लं उद्या काढणार. पोटात बलक असतो, दोन दिवस खायला-प्यायला नसलं तरी चालतं, त्यामुळं गडबड नको.

८ ऑगस्ट

पुठ्ठ्याच्या खोक्यात ब्रूडर (पिल्लांना ऊब द्यायची जागा) केलाय, तेच दोन पिवळे बल्ब. पहिला आठवडा ३५ डिग्री, मग दर आठवड्याला साधारण तीननं कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा, बल्बखाली गर्दी केली तर गार पडलंय, कोपऱ्यात पंख पसरून बसली तर तापलंय. पहिल्या खेपेच्या पाचांना खाली पेपर घातला होता, त्यावर पाय घसरून एकाचे पाय फाकले, ते वाचलं नाही. आता गोणपाट. पहिल्या दिवशी गुळाचं पाणी, मग चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य, किलोनं सुटं मिळतं.

राणीखेत रोगाची लासोटा लस पाच ते सात दिवसांत द्यायची, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. अडचण अशी की बाटली १०० पिल्लांच्या पुढचीच येते, एकदा कालवली की दोन तासांत संपवायची, आणि माझ्याकडं सगळी मिळून १८. गल्लीत पुढच्या बाजूला एकानं गिरिराजा जातीची पिल्लं आणलीत, आत्याच्या शेजारी दोघांकडं आहेत, रस्ता खुला झाला की बर्फाच्या डब्यातनं बंद बाटली तिकडंच नेणार आणि तिथंच कालवणार, माझी पिल्लं पण टोपलीतनं तिकडंच.

खर्च एकदा लिहून टाकतो. डबा आणि सामान १०६०, काटा ३५०, ब्रेकलाईटचं ६०, बाजारातली अंडी ३६०, म्हणजे १८३०. आत्यानं अंड्यांचे पैसे घेतले नाहीत, तिला निम्मी पिल्लं द्यायचं ठरलंय, तलंगा तिच्या आणि कोंबडे माझे असं ती म्हणते, त्यावर अजून बोलणी चालू आहेत.

ज्यांना मार्च-एप्रिलमध्ये बसवायचीत त्यांनी माझं बिनपाण्याचं गणित उचलू नका. मीटर मिठावर तपासा, काटा घ्या, सातव्या दिवशी वजन करा. साडेचार-पाच टक्के गेलं असेल तर आहे तसं ठेवा, सात गेलं असेल तर वाटी घाला, तीनच गेलं असेल तर वाटी काढा आणि भोकं वाढवा.